तुर्की मिष्टान्ने व आतिथ्यपरंपरा

तुर्कस्तानातील पारंपरिक गोड पदार्थ आणि पाहुणचार, सण, संस्कार व शोक या प्रसंगी त्यांना असलेले सामाजिक स्थान. तुर्की भाषेत गोड पदार्थाला ‘तातली’ म्हणतात. हाच शब्द ‘गोड’ या अर्थी विशेषण म्हणूनही वापरतात आणि तो पक्वान्नाप्रमाणेच वाणीला, स्वभावाला व झोपेलाही लावतात. ‘गोड खाऊ या, गोड बोलू या’ अशा अर्थाची एक म्हण तुर्की समाजात सर्वत्र प्रचलित आहे. संक्रांतीला तिळगूळ वाटणाऱ्या मराठी वाचकाला तिचे मर्म वेगळे सांगावयास नको. घरातील सलोख्याला तुर्की भाषेत ‘तोंडाची चव’ असाच शब्दप्रयोग रूढ असून घरात बेबनाव झाला, तर ‘तोंडाची चव गेली’ असे म्हणतात. यावरून असे दिसते, की तुर्की जीवनात मिष्टान्न हे केवळ जेवणाच्या शेवटी घ्यावयाचे पक्वान्न नसून दोन पक्षांतील संबंध जोडण्याची, तो मान्य असल्याचे दाखविण्याची आणि तो टिकवून धरण्याची एक सर्वमान्य रीत आहे. राजा व सैनिक, यजमान व पाहुणा, वर व वधू यांची घराणी, शेजारी-शेजारी, इतकेच नव्हे तर जिवंत माणसे व मृत आप्त यांचे नातेही या रीतीने व्यक्त होते. त्यामुळेच यांतील बहुतेक पदार्थ स्वतः खाण्यापेक्षा इतरांना देण्यासाठी केले जातात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : तुर्की मिष्टान्नांत तीन प्रवाह एकत्र आले आहेत. मध्य आशियातील भटक्या तुर्की टोळ्यांकडे दूधदुभते आणि तव्यावर भाजलेल्या पातळ पोळ्या होत्या. या पातळ पोळीला ‘युफ्का’ म्हणतात. इराणी व अरबी संस्कृतींच्या संपर्कातून साखर, गुलाबपाणी, केशर, सुका मेवा आणि पाकातील पक्वान्ने तुर्कांनी घेतली. तिसरा प्रवाह अनातोलियाच्या भूमीचा. तेथे मध, अंजीर, जर्दाळू, अक्रोड आणि द्राक्षे विपुल होती. द्राक्षांचा रस आटवून केलेला, काकवीसारखा दिसणारा ‘पेक्मेझ’ हा पाक कित्येक शतके सामान्य कुटुंबांची साखरच होता. शब्दांच्या इतिहासातही ही देवाणघेवाण दिसते. साखरेला तुर्कीत ‘शेकेर’ म्हणतात. हा शब्द फार्सीतून आला असून त्याचे मूळ संस्कृत ‘शर्करा’ या शब्दात आहे. ‘हेल्वा’ व ‘शेरबेत’ हे शब्द अरबीतून आले. तेच शब्द फार्सीच्या द्वारे मराठीत ‘हलवा’ व ‘सरबत’ या रूपांनी रुळले आहेत.

चौदाव्या शतकात अनातोलियात आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने तेथील ‘आही’ या कारागीरबंधुसंघांच्या आतिथ्याचे वर्णन केले आहे. (हाच प्रवासी पुढे हिंदुस्थानात आला व दौलताबादलाही गेला.) दिवसभराची कमाई सायंकाळी एकत्र करून हे तरुण कारागीर आपल्या मठीत अन्न, फळे व मिठाई आणीत आणि गावात आलेल्या परक्या वाटसरूला आग्रहाने जेवू घालीत. पाहुणा आला नाही, तर आपणच एकत्र बसून जेवीत. वाटसरूला ‘देवाचा पाहुणा’ मानण्याची ही कल्पना तुर्की समाजात आजही जिवंत आहे.

१४५३ मध्ये दुसऱ्या महंमदाने कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यानंतर उभारलेल्या तोपकापी राजवाड्यात मिष्टान्नांसाठी ‘हेल्वाहाने’ नावाचे स्वतंत्र पाकगृह होते. तेथे हलवे, मुरंबे व सरबते यांबरोबरच औषधी अवलेहही तयार होत. मिठाई व औषध यांत त्या काळी फारसे अंतर मानले जात नसे. १५७४ च्या आगीनंतर राजवाड्याची पाकगृहे प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञ सिनान याने पुन्हा बांधली. ईजिप्त (१५१७) व सायप्रस (१५७१) हे साखर पिकविणारे प्रदेश ऑटोमन सत्तेखाली आल्यामुळे राजधानीला साखरेचा पुरवठा होऊ लागला. तथापि साखर ही दीर्घकाळ श्रीमंतांचीच वस्तू राहिली. तिसरा अहमद या सुलतानाच्या पुत्रांच्या सुंतेनिमित्त १७२० मध्ये झालेल्या उत्सवात साखरेच्या बागा मिरवणुकीतून नेण्यात आल्या. लेव्हनी या चित्रकाराच्या लघुचित्रांत त्यांचे दर्शन घडते. ज्या वस्तूची चिमूटही सामान्य घरात दुर्मिळ, तिच्या बागा रस्त्यातून मिरविणे हे सत्तेचे प्रदर्शनच होते.

राजसत्ता, सैन्य व मिष्टान्न : ‘येनिचेरी’ (जानिसरी) हे सुलतानाचे पगारी पायदळ अन्नाच्या परिभाषेतच आपली संघटना व्यक्त करीत असे. पथकाच्या अधिकाऱ्याला ‘चोरबाजी’ म्हणजे ‘सूपवाला’ ही पदवी असे आणि रश्शाची मोठी कढई हे पथकाचे मानचिन्ह मानले जाई. ही कढई पालथी घालणे म्हणजे बंडाची घोषणा होय. दर तीन महिन्यांनी पगारवाटपाच्या दिवशी राजवाड्यात सैनिकांना रस्सा दिला जाई. तो त्यांनी नाकारला, तर दरबाराने संकट ओळखावे, असा संकेत होता. उलट, पगाराने समाधान झाले तर सैन्याकडून वझिरांना व इतर मानकऱ्यांना खडीसाखरेसारखी कठीण, रंगीत मिठाई दिली जाई. तिला ‘आकिदे’ म्हणतात. या शब्दाचा संबंध ‘श्रद्धा, निष्ठा’ या अर्थाच्या अरबी शब्दाशी जोडण्यात येतो.

रमजान महिन्याच्या पंधराव्या दिवशी सुलतानातर्फे सैनिकांना बक्लावा देण्याची प्रथाही अशीच बोलकी होती. दर दहा सैनिकांमागे एक याप्रमाणे कापडात बांधलेली तबके राजवाड्याच्या पाकगृहांसमोर मांडली जात. पहिले तबक सुलतानाच्या नावे उचलल्यानंतर दोघा-दोघांनी एकेक तबक दांड्याला अडकवून खांद्यावर घ्यावे व वाजतगाजत बराकीकडे जावे, असा क्रम असे. या मिरवणुकीला ‘बक्लावा आलायी’ म्हणत. रिकामी तबके व कापडे दुसऱ्या दिवशी राजवाड्यात परत केली जात. १८२६ मध्ये दुसऱ्या महमूदने हे सैन्य मोडून काढले आणि त्याबरोबर ही मिरवणूकही संपली. परंतु दिलेले गोड स्वीकारणे म्हणजे देणाऱ्याशी असलेले नाते मान्य करणे, हा तिच्यामागील विचार लोकजीवनात तसाच राहिला.

प्रमुख प्रकार : तुर्की मिष्टान्नांचे स्थूलमानाने पाच वर्ग करता येतात : (१) पाकात मुरविलेले पिठाचे पदार्थ, (२) दुधाचे पदार्थ, (३) हलवे, (४) लोकुम व इतर साखरमिठाया आणि (५) फळांचे व फुलांचे मुरंबे.

पहिल्या वर्गात बक्लावा हा पदार्थ अग्रगण्य आहे. गव्हाच्या पिठाची कणीक भिजवून ‘ओक्लावा’ नावाच्या लांब व बारीक लाटण्याने ती अतिशय पातळ लाटतात. पापुद्रे एकमेकांना चिकटू नयेत, म्हणून त्यांवर गव्हाचे सत्त्व भुरभुरतात. तुपाचा हात फिरवीत पापुद्र्यांचे थर तबकात रचतात, मध्ये पिस्त्याची वा अक्रोडाची पूड घालतात, सुरीने तुकडे पाडून तबक भट्टीत भाजतात आणि वरून साखरेचा पाक ओततात. उत्तम बक्लाव्याची खूण चवीइतकीच आवाजातही असते. काटा टोचला असता वरचे पापुद्रे खुसखुशीत मोडले पाहिजेत आणि तळाचे मऊ राहिले पाहिजेत. आग्नेय तुर्कस्तानातील गाझिआंतेप हे बक्लाव्याचे प्रसिद्ध केंद्र आहे. तेथे पूर्ण पक्व होण्यापूर्वी तोडलेले, गर्द हिरव्या रंगाचे पिस्ते यासाठी वापरतात. पिठाचे शेवयांसारखे बारीक तंतू करून त्यांत बिनमिठाचे ताजे चीज घालून केलेला ‘क्युनेफे’ हा हाताय प्रांताचा खास पदार्थ असून तो गरम असतानाच खातात. पिठाचे गोळे तळून पाकात टाकले, की ‘लोक्मा’ होतो.

दुधाच्या पदार्थांत तांदळाची खीर (स्युत्लाच), तांदळाच्या पिठाची ‘मुहल्लेबी’ आणि कोंबडीच्या छातीच्या मांसाचे अगदी बारीक तंतू दुधात शिजवून केलेला ‘तावुक ग्योय्सू’ हे प्रमुख होत. शेवटचा पदार्थ परकीयांना चमत्कारिक वाटतो; पण त्यात मांसाची चव कळत नाही, केवळ घट्टपणा येतो. बदाम घालून केलेल्या ‘केश्क्युल’ या खिरीचे नाव फकिराच्या भिक्षापात्रावरून आले आहे. तिचे पूर्ण नाव ‘गरिबांचे भिक्षापात्र’ असे होते.

हलव्यांमध्ये रव्याचा हलवा मराठी शिऱ्याच्या जवळचा आहे. त्यात चिलगोजे घालून ते तुपात लालसर होईपर्यंत रवा परततात. पिठाचा हलवाही असाच होतो. तिळाच्या लगद्यात साखरेचा फेसाळलेला पाक मिसळून केलेला हलवा मात्र भुसभुशीत असून बाजारात वडीने विकला जातो. ‘पिश्मानिये’ हा चौथा प्रकार सोनपापडीशी मिळताजुळता आहे. घट्ट पाकाचे मोठे कडे करून ते भाजलेल्या पिठात ओढीत जातात, पुन्हा दुमडून पुन्हा ओढतात आणि अखेर त्याचे केसांसारखे तंतू होतात. हे काम एकट्याचे नव्हे. मोठ्या परातीभोवती अनेकांनी बसून एका लयीत कडे ओढावे लागते. हिवाळ्याच्या लांब रात्री आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमून हलवा करण्याच्या व गप्पागोष्टी, कोडी, काव्यवाचन यांत वेळ घालविण्याच्या बैठकींना ‘हेल्वा सोहबेती’ म्हणत. अठराव्या शतकात इस्तंबूलच्या उच्चभ्रू वर्तुळात या बैठकींना विशेष बहर आला होता.

लोकुम हा पदार्थ जगभर ‘टर्किश डिलाइट’ या इंग्रजी नावाने प्रसिद्ध आहे. त्याचे जुने नाव ‘राहत-उल हुल्कूम’ म्हणजे ‘घशाचे सुख’ असे होते. त्याचा संक्षेप होत ‘लोकुम’ हे नाव रूढ झाले. काळ्या समुद्राजवळील कास्तामोनू प्रदेशातून आलेल्या बेकिर एफेंदी या हलवायाने १७७७ मध्ये इस्तंबूलच्या बाहचेकापी भागात दुकान काढले. पुढे हज यात्रेनंतर तो हाजी बेकिर या नावाने ओळखला जाऊ लागला व राजवाड्याचा मुख्य मिठाईकारही झाला. मध वा पेक्मेझ आणि पीठ यांऐवजी शुद्ध साखर व स्टार्च वापरून आजच्या स्वरूपाचा लोकुम लोकप्रिय करण्याचे श्रेय त्याला देतात. त्याच्या वंशजांचे दुकान त्याच भागात अद्याप चालू आहे. लोकुम करताना साखर, पाणी व स्टार्च यांचे मिश्रण मंद आचेवर दीर्घकाळ ढवळीत शिजवितात. उष्णतेने स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व मिश्रण पारदर्शक आणि चिवट होते. त्यात थोडे अम्ल घातल्यामुळे साखरेच्या काही भागाचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होऊन पाक रवाळ होत नाही. तयार मिश्रणात गुलाब, पिस्ते किंवा रुमी मस्तकी घालून ते थापतात व मुरल्यानंतर वड्या पाडून पिठीसाखरेत घोळतात. कॉर्नफ्लोअरच्या मुंबई हलव्याची ठेवणही याच तत्त्वावर असल्याने लोकुमची कल्पना मराठी वाचकाला सहज येऊ शकेल.

पाहुणचारातील स्थान : पाहुण्यापुढे काही ठेवणे याला तुर्कीत ‘इक्राम’ म्हणतात. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘मान देणे’ असा आहे. पदार्थ किती किंमतीचा हे महत्त्वाचे नसते. तो पुढे केला जाणे व पाहुण्याने तो घेणे हे महत्त्वाचे. जुन्या ऑटोमन घरांत पाहुणा बसताच तबकातून गुलाबाचा किंवा फळांचा मुरंबा, चमचे व पाण्याचे पेले येत. पाहुण्याने एक चमचा मुरंबा तोंडात घालावा, वापरलेला चमचा वेगळ्या पात्रात ठेवावा, पाणी प्यावे आणि मग कॉफी घ्यावी, असा शिष्टाचार असे. आज मुरंब्याची जागा बहुतांशी लोकुम व चॉकलेट यांनी घेतली आहे. दारातून आत आलेल्या पाहुण्याच्या हातावर लिंबाच्या वासाचे ‘कोलोन्या’ हे सुगंधी द्रव्य घालतात, मग मिठाईचे पात्र फिरवितात आणि त्यानंतर पाण्याच्या पेल्यासह कॉफी येते. ‘एका पेल्या कॉफीची आठवण चाळीस वर्षे’ अशा आशयाची म्हण आहे. कडू कॉफी व गोड वडी ही जोडी तुर्की पाहुणचाराचे प्रतीकच बनली आहे. तुर्की कॉफीच्या परंपरेचा समावेश युनेस्कोने २०१३ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

पाहुण्यावरही काही बंधने असतात. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जाणे प्रशस्त मानीत नाहीत. म्हणून वाटेत मिठाईच्या दुकानातून बक्लाव्याचे वा अन्य मिठाईचे खोके घेतात. पुढे केलेला पदार्थ पोट भरले असले, तरी निदान चाखावा लागतो. सरळ नकार देणे हा यजमानाचा उपमर्द ठरतो. भांडलेल्या दोन कुटुंबांत समेट घडविताना दोघांनी एकमेकांकडील गोड खाल्ले, की समेट झाला असे समजतात. ‘गोड जीभ सापालाही बिळाबाहेर आणते’ या तुर्की म्हणीत हेच व्यवहारज्ञान आहे.

सण व धार्मिक प्रसंग : रमजानच्या महिन्यात ‘ग्युल्लाच’ हे मिष्टान्न घरोघरी होते. स्टार्चचे कागदासारखे पातळ वाळविलेले पापुद्रे साखर घातलेल्या दुधात भिजवून, मध्ये अक्रोड व वर डाळिंबाचे दाणे घालून ते तयार करतात. दिवसभराच्या उपवासानंतर हे हलके पक्वान्न मानवते. महिना संपल्यावर येणाऱ्या तीन दिवसांच्या ईदेला तुर्कस्तानात ‘रमजान बायरामी’ किंवा ‘शेकेर बायरामी’ म्हणजे ‘साखरेचा सण’ म्हणतात. दुसरे नाव सणाचा धार्मिक आशय झाकून टाकते, असा आक्षेप काही लोक घेतात; तरी ते व्यवहारात टिकून आहे. या दिवशी धाकटे थोरांच्या हाताचे चुंबन घेऊन तो हात आपल्या कपाळाला लावतात व थोर त्यांना मिठाई देतात. मुले शेजारच्या दारोदार जाऊन मिठाई गोळा करतात. भेटीचा क्रमही ठरलेला असतो : प्रथम कुटुंबातील सर्वांत वडील व्यक्तीकडे, मग इतरांकडे. वर्षभराचा अबोला याच दिवशी सोडण्याचा प्रघात आहे.

मोहरमच्या दहाव्या दिवसापासून केली जाणारी ‘आशुरे’ ही खीर विशेष उल्लेखनीय आहे. जलप्रलय ओसरल्यावर नोहाच्या (नूह) नौकेतील उरलेसुरले धान्य एकत्र शिजविण्यात आले व त्यातून ही खीर झाली, अशी आख्यायिका आहे. गहू, हरभरे व घेवडा यांच्याबरोबर जर्दाळू, अंजीर, मनुका इ. तीत घालतात व वर डाळिंबाचे दाणे, अक्रोड, दालचिनी पेरतात. अलेवी पंथाचे लोक करबलाच्या शोकार्थ मोहरमात बारा दिवस उपवास करतात आणि त्याची सांगता आशुरेने करतात. सुन्नी कुटुंबांतही ती होते. ही खीर थोडी करतच नाहीत. मोठ्या भांड्यात शिजवून वाडग्यावाडग्यांनी सर्व शेजाऱ्यांकडे, त्यांचा धर्म वा पंथ न पाहता, ती पाठवितात. शेजाऱ्याचे वाडगे रिकामे परत करीत नाहीत, हा संकेतही आपल्याकडच्यासारखाच आहे. पूर्वी दर्वेशांच्या मठांत (तेक्के) आशुरे शिजविण्याचा मोठा समारंभ होई. १९२५ मध्ये कायद्याने मठ बंद झाल्यावर ही परंपरा मुख्यतः घरांत राहिली. अलीकडे नगरपालिकाही चौकाचौकांत आशुरे वाटतात.

पैगंबरांच्या जन्माचे आख्यान (मेवलित) घरी वा मशिदीत वाचले जाते, तेव्हा श्रोत्यांवर गुलाबपाणी शिंपडून त्यांना मिठाईच्या पुड्या देतात. बुर्सा येथील सुलेमान चेलेबी याने १४०९ मध्ये रचलेले काव्य यासाठी रूढ आहे. पश्चिम अनातोलियातील मानिसा येथे वसंतारंभी ‘मेसिर’ उत्सव होतो. सुलतान सुलेमानची आई हाफ्सा सुलतान आजारी पडली असता मेर्केझ एफेंदी याने केलेल्या अवलेहाने ती बरी झाली व लोकांनाही तो मिळावा अशी तिने इच्छा व्यक्त केली, असे परंपरा सांगते. एकेचाळीस वनस्पती व मसाले घातलेला हा गोड अवलेह कागदाच्या पुड्यांत बांधून तिच्या नावाच्या मशिदीच्या घुमटांवरून व मिनारावरून जमावावर उधळतात. युनेस्कोने २०१२ मध्ये या उत्सवाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

जन्म, विवाह व मृत्यू : बाळंतिणीला भेटावयास येणाऱ्यांना दालचिनी, लवंग घातलेले लाल रंगाचे सरबत देतात. बाळाचा पहिला दात दिसला, की गहू शिजवून त्यांत साखर व सुका मेवा घालून आप्तेष्टांना वाटतात. मुलीला मागणी घालण्यासाठी वरपक्ष येतो, तो फुले व मिठाई घेऊनच. कॉफी मुलीनेच करून आणावी लागते व वराच्या पेल्यात साखरेऐवजी मीठ घालून त्याची परीक्षा पाहण्याची गमतीदार रीत आहे. त्याने तोंड वाकडे न करता ती प्यावी, अशी अपेक्षा असते. होकार मिळाल्यावर पूर्वी सरबत पीत. त्यामुळे ‘सरबत पिणे’ म्हणजे सोयरीक ठरणे, असा वाक्प्रचार झाला. मराठीतील ‘साखरपुडा’ या शब्दामागे हीच भावना आहे. विवाहाच्या भोजनात केशर घातलेली पिवळी तांदळाची ‘झेर्दे’ असे. धर्मादाय अन्नछत्रांतून (इमारेत) सणासुदीच्या दिवशी गरिबांनाही ती वाढीत. ‘जर्दा’ या नावाने हिंदुस्थानात परिचित असलेल्या भाताचे नाव याच फार्सी शब्दापासून (झर्द म्हणजे पिवळा) आले आहे.

मृत्यूच्या प्रसंगी तुर्की रीत मराठी रीतीहून अगदी भिन्न दिसते. महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांत सुतकात गोडधोड वर्ज्य असते व ते फिटल्यावर गोडाचे जेवण करून दुःखाचा काळ संपवितात. तुर्की घरात मात्र मृत्यू झाला, की लवकरच हलवा परतण्यास सुरुवात होते. शोकाच्या घरात स्वयंपाक करीत नाहीत. जेवण शेजारी आणतात. चुलीवर चढतो तो केवळ मृताच्या नावाचा हलवा. रवा किंवा पीठ तुपात परतताना जमलेल्या स्त्रिया आळीपाळीने कालथा हाती घेतात, मृतासाठी प्रार्थना म्हणतात व त्याच्या आठवणी काढतात. परतण्याचा वास मृतात्म्याला पोहोचतो, अशी समजूत आहे. रवा सतत हलवीत राहावे लागते व त्याला वेळ लागतो. शोकाकुल माणसांच्या हातांना काम आणि त्यांना इतरांची सोबत देण्याचे मोल या कृतीत आहे. तयार हलवा शेजाऱ्यांना वाटतात व खाणारा मृतासाठी ‘फातिहा’ म्हणतो. सातव्या, चाळिसाव्या व बावन्नाव्या दिवशीही असे वाटप होते. इझमीरकडे याऐवजी रस्त्यावर मोठी कढई लावून लोक्मे तळतात. वाटेने जाणारा कुणीही रांगेत उभा राहून आपला वाटा घेतो व ज्याला त्याने कधी पाहिलेही नाही, अशा मृताला दुवा देतो.

सामायिक वारसा : हे पदार्थ एकट्या तुर्की मुसलमानांचे नाहीत. ऑटोमन साम्राज्यात तुर्क, ग्रीक, अर्मेनियन, ज्यू, अरब व कुर्द शेजारी राहत आणि मिठाईच्या व्यवसायात सर्व समाजांचे कारागीर होते. आशुरेशी जुळणारी गव्हाची गोड खीर अर्मेनियन ख्रिस्ती नाताळाच्या सुमारास करतात. ग्रीक ख्रिस्ती मृतांच्या स्मरणार्थ गोड गहू वाटतात. १९२३ च्या करारानुसार तुर्कस्तान व ग्रीस यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली, तेव्हा निर्वासितांनी आपल्या पाककृतीही बरोबर नेल्या. त्यामुळे आज बक्लावा कुणाचा, असे वाद उद्भवतात. २००६ मध्ये युरोपीय संघाच्या एका प्रचारपत्रकात सायप्रसचे प्रतीक म्हणून बक्लावा दाखविला गेल्यावर तुर्कस्तानात निषेध झाला. डिसेंबर २०१३ मध्ये ‘आंतेप बक्लावा’ला युरोपीय संघाचे भौगोलिक निर्देशांकन मिळाले. असे संरक्षण लाभलेले ते पहिले तुर्की उत्पादन होय. हे संरक्षण एका शहराच्या विशिष्ट पद्धतीपुरते आहे. बक्लावा या पदार्थावरील मालकीचा तो निवाडा नव्हे. याउलट, युफ्का व तत्सम पातळ पोळ्या करून वाटण्याच्या परंपरेची युनेस्कोकडील नोंद (२०१६) तुर्कस्तान, अझरबैजान, इराण, कझाकस्तान व किरगीझस्तान यांनी संयुक्तपणे केली. वाटून खाण्याच्या परंपरेला ही दुसरी वाटच अधिक साजेशी आहे.

आधुनिक काळ : प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर (१९२३) मिष्टान्नांच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल साखरेच्या उत्पादनात झाला. १९२६ मध्ये आल्पुल्लू व उशाक येथे बीटपासून साखर काढणारे पहिले कारखाने सुरू झाले व पुढील काळात साखर सामान्य घरांतही पोहोचली. जी वस्तू पूर्वी सुलतानाने द्यावी व सैन्याने घ्यावी, ती आता कामगारही आपल्या पाहुण्याला देऊ लागला. १९६१ च्या करारानंतर कामासाठी जर्मनीत गेलेल्या तुर्कांनी ही परंपरा युरोपातील शहरांत नेली.

या परंपरेपुढे आज काही अडचणीही आहेत. ‘सालेप’ हे गरम पेय आणि माराशचे चिवट आइस्क्रीम यांत वापरतात ते पीठ (आपल्याकडील सालममिश्रीच्या जातीचे) रानटी ऑर्किडांच्या कंदांपासून मिळते. बेसुमार खुदाईमुळे या वनस्पती धोक्यात आल्याने त्यांच्या निर्यातीवर बंदी आहे. २०२१ नंतरच्या तीव्र चलनवाढीने पिस्ते व तूप महागले आणि सणाला बक्लावा नेणे अनेकांना जड जाऊ लागले. सदनिकांच्या वस्तीत शेजाऱ्याची ओळखच नसल्याने आशुरेचे वाडगे कोणत्या दारी न्यावे, हाही प्रश्न पडतो. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपांत क्युनेफेचे माहेरघर असलेल्या अंताक्याचा जुना भाग उद्ध्वस्त झाला. गाझिआंतेप व कहरामानमाराश या मिष्टान्नांसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रदेशांनाही त्याची झळ बसली. पाककृती लिहून ठेवता येतात; परंतु कुणाकडे प्रथम जावे, कुणाला किती द्यावे आणि कुणाचे नाव घेऊन द्यावे, हे ज्ञान वस्ती व शेजार यांच्या आधाराने टिकते. म्हणून तुर्की मिष्टान्नांचे भवितव्य पदार्थांच्या लोकप्रियतेपेक्षा ते देण्याघेण्याचे प्रसंग किती टिकतात, यावर अधिक अवलंबून आहे.